चिठ्ठीवर न लिहिलेले औषध

मराठवाड्यातल्या मुखेडच्या सरकारी दवाखान्यातून बीपी-शुगर तपासून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातातल्या चिठ्ठीवर साधारण तीन-चार औषधे असतात. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, कधी एखादी लघवी वाढवणारी गोळी. प्रत्येकीपुढे सकाळ-दुपार-रात्रीची खूण असते. त्याच माणसाच्या खिशात किंवा कमरेच्या चंचीत तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि सुपारीचे खांड असते, आणि त्याची खूण मात्र चिठ्ठीवर कुठेच नसते. घरातली बाई सकाळी दातांना मिश्री लावते. तीही कुठे लिहिली जात नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 वर्षांवरील दर शंभरातले चोवीसहून अधिक लोक, नेमके सांगायचे तर 24.4 टक्के, तंबाखू चघळतात, दाढेत धरतात किंवा दातांना लावतात. विडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के आहेत. म्हणजे आपल्याकडचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरण्याचा आहे. कर्करोगाच्या बाजूने त्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते योग्यच आहे. या लेखाचा विषय त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तंबाखू, चुना आणि सुपारी यांचा शरीरावर औषधासारखा परिणाम होतो. ती दिवसातून अनेकदा, जवळजवळ ठरलेल्या वेळी घेतली जातात. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या औषधांच्या कामात ती ढवळाढवळ करतात. म्हणून त्यांची नोंद औषधांच्या यादीतच व्हायला हवी.

तंबाखू मळण्याची क्रिया जवळून पाहिली तर तिच्यात पक्के रसायनशास्त्र दिसते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, डबीतून नखाने चुना काढून तिला लावायचा, उजव्या अंगठ्याने रगडून दोन्ही एकजीव करायचे, दोन थापट्या मारून धूळ उडवायची आणि उरलेला बार खालच्या ओठाच्या आत ठेवायचा. तंबाखूच्या पानात निकोटिन बहुतांशी क्षाराच्या रूपात अडकलेले असते आणि त्या रूपात ते तोंडाच्या नाजूक त्वचेतून सहज आत जात नाही. चुना तीव्र अल्कली असल्याने निकोटिन मोकळे होते. हे मोकळे निकोटिन गालाच्या व हिरडीच्या आतल्या पडद्यातून थेट रक्तात उतरते. चुन्याने तंबाखू ‘लागते’ असा जो अनुभव लोक सांगतात, त्याचे कारण हे आहे. अमेरिकेतील निल बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली सिगारेट आणि तोंडात धरायची तंबाखू यांची तुलना केली. निकोटिनची रक्तातील कमाल पातळी दोन्हींत सारखीच निघाली. पण तोंडातल्या तंबाखूतून निकोटिन हळूहळू आणि बराच वेळ झिरपत राहते, अगदी थुंकून टाकल्यावरही, त्यामुळे शरीराला मिळालेले एकूण निकोटिन सिगारेटच्या सुमारे दुप्पट भरले. शेतात, रिक्षाच्या हँडलवर किंवा कारखान्याच्या पाळीत दिवसभर एकामागून एक बार भरणाऱ्या माणसाच्या रक्तातून निकोटिन जागेपणी क्वचितच पूर्ण उतरते. एखादे औषध असे सतत चालू असते तर डॉक्टरांनी ते विचारल्याशिवाय दुसरे लिहिले नसते.

औषधाच्या कामात अडथळा येण्याचे मुख्य मार्ग चार आहेत. औषध पोटातून रक्तात पोचतच नाही. पोचते, पण चघळलेली वस्तू त्याच्या उलट दिशेने जोर लावते. दोन्ही एकाच दिशेने जोर लावतात आणि परिणाम प्रमाणाबाहेर जातो. किंवा औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेगच बदलतो. पहिला मार्ग समजायला सगळ्यांत सोपा आहे. चुना म्हणजे कॅल्शियम. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके, थायरॉइडची थायरॉक्सिनची गोळी आणि हाडांसाठीची अॅलेंड्रोनेट ही औषधे कॅल्शियमला चिकटतात, आणि चिकटलेले औषध आतड्यातून रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावे आणि थायरॉक्सिन व कॅल्शियम यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे, असा नियम औषधशास्त्रात आहे. या नियमामागचा पुरावा कॅल्शियमच्या गोळ्यांचा आहे, विड्यातल्या चुन्याचा नाही. पण आतड्यात पोचलेले कॅल्शियम गोळीतून आले की पानातून, हा फरक औषधाच्या दृष्टीने नसतो. पानमसाल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या गुटखा-पानमसाल्याच्या नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट आढळले होते, आणि राज्याने जुलै 2012 मध्ये घातलेल्या बंदीच्या कारणांत त्याचाही समावेश होता. मॅग्नेशियमही याच प्रतिजैविकांना तसेच अडकवते.

सुपारीची तुरट चव टॅनिनमुळे असते. चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते, म्हणून लोहाच्या गोळीबरोबर चहा पिऊ नये, असे आशाताई गरोदर बाईला सांगतात. सुपारीतही टॅनिन भरपूर असते, तरी जेवणानंतर गोळी आणि लगेच सुपारीचे खांड, हा क्रम अनेक घरांत तसाच चालू राहतो. रक्तवाढीच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, तेव्हा बाईने गोळ्या खाल्ल्याच नसतील असा संशय घेतला जातो. तिने कदाचित नेमाने घेतल्या असतील आणि वेळ चुकली असेल. चघळलेल्या वनस्पतीमुळे औषधाचे शोषण कमी होते याचा थेट मोजलेला पुरावा येमेनमधून आला आहे. तिथे ‘खात’ नावाच्या झुडपाची कोवळी पाने तासन्तास गालात धरण्याची रीत आहे. त्या पानांत कॅथिनोन हे उत्तेजक आणि पुष्कळ टॅनिन असते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना अॅम्पिसिलिन देऊन लघवीतून किती औषध बाहेर पडते ते मोजले. खात चघळण्याच्या आधी, चघळताना किंवा संपताच औषध घेतले तर शरीरात कमी पोचत होते. चघळून दोन तासांनी घेतल्यावर मात्र फरक उरला नाही. अॅमॉक्सिसिलिनवर हा परिणाम बराच कमी होता. या अभ्यासातून दोन धडे मिळतात. अडथळा खरा आहे, आणि नुसत्या वेळेच्या अंतराने तो टाळता येतो. दोन्ही गोष्टी मुखेडच्या पानसुपारीलाही लागू पडू शकतात.

दुसरा मार्ग उलट दिशेच्या जोराचा. निकोटिन शरीरातल्या अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांना चेतवते. नाडी वेगाने चालते, रक्तवाहिन्या आवळतात, काही काळ रक्तदाब चढतो. अॅम्लोडिपिनचे काम रक्तवाहिन्या सैल करण्याचे, आणि निकोटिन त्यांना आवळत असते. तंबाखू खाणाऱ्याचा रक्तदाब कायमचा वाढतो का, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. पण प्रत्येक बारानंतर काही काळ तो वाढतो, हे वारंवार मोजले गेले आहे. इथे उपचाराआधी मोजमापच चुकण्याचा धोका आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास तंबाखू आणि चहा-कॉफी घेऊ नये, असा नियम आहे. दवाखान्याच्या रांगेत तासभर बसलेला माणूस मात्र कंटाळा घालवायला आधी बारच भरतो, आणि त्यातले निकोटिन अर्ध्या तासाच्या पुढेही झिरपत असते. पट्टा बांधून घेताना आकडा वर जातो, डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. पुढे हाच माणूस आजारपणात चार दिवस तंबाखूवाचून राहिला तर वाढवलेली मात्रा त्याला जास्त होऊ शकते. उठताना चक्कर येते, आणि दोष गोळीला लागतो. हृदयविकाराच्या बाबतीत तर हा विरोध अधिक गंभीर आहे. 52 देशांतील इंटरहार्ट अभ्यासाच्या 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे 2.2 पट आढळले होते. झटका येऊन गेल्यावर हृदयाचा भार कमी करणाऱ्या गोळ्या सुरू होतात. सोबत तंबाखूही चालू राहिली, तर गोळ्यांनी उतरवलेला भार निकोटिन पुन्हा चढवत राहते.

साखरेच्या रुग्णाचेही तसेच आहे. निकोटिनमुळे इन्सुलिनला पेशींचा प्रतिसाद मंदावतो. निकोटिनचा च्युइंगम वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांतही हे आढळले आहे, त्यामुळे दोष फक्त धुराचा म्हणता येत नाही. शिवाय निकोटिनने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि कातडीखाली टोचलेले इन्सुलिन रक्तात उतरायला उशीर होतो. धूम्रपान करणाऱ्यांवरील प्रयोगांत हे दिसले आहे. मेटफॉर्मिन साखर खाली आणायला झटत असते आणि अॅड्रेनलिनचा जोर यकृतातून साखर बाहेर काढत असतो. मुखेड-कंधारच्या डोंगराळ पट्ट्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या माणसाला तंबाखू भूक मारण्याचा आधार वाटते. पण भूक दबली म्हणजे शरीराची गरज भागत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर, जेवण मात्र तंबाखूवर पुढे ढकललेले, असे झाले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्या वेळी छातीत धडधड होते, घाम येतो. निकोटिनमुळेही धडधड होत असल्याने माणूस या लक्षणांकडे दुर्लक्ष करतो.

सुपारीची गोष्ट तंबाखूपेक्षा कमी माहीत आहे, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. सुपारीतले मुख्य द्रव्य आहे अॅरेकोलिन. लाळ सुटणे, घाम येणे, आतड्यांची हालचाल वाढणे, श्वासनलिका आवळणे ही कामे शरीरात ज्या मज्जातंतूंच्या द्वारे होतात, त्यांची नक्कल अॅरेकोलिन करते. त्यामुळे ज्या औषधांचे काम याच्या नेमके उलटे आहे, त्यांच्याशी त्याची झुंज होते. इंग्लंडमधील एका मानसोपचारतज्ज्ञांनी 1989 साली ‘मूव्हमेंट डिसऑर्डर्स’ या नियतकालिकात दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही मानसिक आजारासाठी लांब मुदतीचे इंजेक्शन चालू होते. अशा इंजेक्शनाने स्नायू ताठरतात, हातपाय कापतात, म्हणून त्यावर उतारा म्हणून प्रोसायक्लिडिनसारखी गोळी देतात. हे रुग्ण सुपारी भरपूर खाऊ लागले तेव्हा ताठरपणा आणि थरथर एकदम वाढली. सुपारी थांबवल्यावर काही दिवसांत लक्षणे पूर्ववत झाली. आपल्याकडे त्याच गटातली ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी नांदेड-लातूरच्या मानसोपचार विभागांतून असंख्य रुग्णांना दिली जाते. रुग्णाचे हातपाय कापू लागले की नातेवाईक म्हणतात, इंजेक्शन सोसत नाही, आणि इंजेक्शनच बंद करून टाकतात. त्यातून मूळ आजार उसळतो. दिवसभरात किती सुपारी पोटात जाते, हा एक प्रश्न विचारला असता तर कदाचित उपचार तुटला नसता. दम्याचेही असेच आहे. पापुआ न्यू गिनी या बेटांच्या देशात सुपारीचे सेवन सर्वत्र आहे. तिथल्या डॉक्टरांना काही दमेकऱ्यांमध्ये सुपारी चघळल्यावर श्वासनलिका आवळलेल्या आढळल्या. अशा रुग्णाला पंपाने आराम पडत नाही तेव्हा पंप बदलण्याआधी तोंडात काय आहे ते पाहणे शहाणपणाचे ठरेल.

तिसऱ्या मार्गात दोन्हींचा जोर एकाच दिशेने लागतो. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या लघवीवाटे जाणारे कॅल्शियम कमी करतात, म्हणजे ते शरीरात साचू देतात. त्यात पानातून रोज बराच चुना पोटात जात असेल तर रक्तातले कॅल्शियम वाढण्याला हातभार लागतो. तैवानमध्ये चुना लावलेली सुपारी भरपूर खाणाऱ्या माणसाच्या रक्तातले कॅल्शियम आणि अल्कलीपणा दोन्ही वाढून मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद 1996 साली झाली. पूर्वी अल्सरवर दूध आणि खाण्याचा सोडा यांचा मारा करणाऱ्या रुग्णांत हाच विकार दिसत असे. डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णाला तर वाढलेले कॅल्शियम विशेष घातक. ज्येष्ठमधाचेही इथे नाव घ्यायला हवे, कारण ते पानात आणि सुगंधी मसाल्यांत पडते आणि घरोघरी निरुपद्रवी समजले जाते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर घालवते. रक्तदाब चढतो, स्नायू दुबळे पडतात. अमेरिकेत ज्येष्ठमध घातलेली तंबाखू चघळणाऱ्या रुग्णाचे पोटॅशियम घसरल्याची नोंद 1980 साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. लघवी वाढवणारी गोळी पोटॅशियम आधीच कमी करत असते, त्यात ही भर. उलट दिशेच्या जोराचाही एक दाखला इथेच सांगायला हवा. तंबाखूच्या पानात व्हिटॅमिन के असते आणि ते वॉरफरिनच्या विरोधात जाते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन देतात. 2004 साली अमेरिकेत एका रुग्णाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मात्रा देऊनही रक्त पुरेसे पातळ होत नव्हते. त्याने चघळायची तंबाखू थांबवल्यावर काही दिवसांतच रक्ताच्या पातळपणाचा आकडा वर आला.

चौथा मार्ग औषध बाहेर टाकण्याच्या वेगाचा, आणि इथे ओढणे व चघळणे यांत महत्त्वाचा फरक आहे. विडी-सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका विकराचा वेग वाढवतात. हा विकर थिओफिलिन या दम्याच्या आणि क्लोझापिन, ओलान्झापिन या मानसिक आजाराच्या औषधांचा निचरा करतो. म्हणून ओढणाऱ्याला ही औषधे जास्त लागतात. हे काम धुराचे आहे, निकोटिनचे नाही. चघळण्याच्या तंबाखूने थिओफिलिनच्या निचऱ्यावर फरक पडत नाही, असे 1986 च्या अभ्यासात दिसले होते. आता विडी सोडून तंबाखू-चुन्यावर आलेल्या दमेकऱ्याचा विचार करा. घरच्यांना वाटते, निदान धूर तरी गेला. पण साधारण आठवडाभरात विकराचा वेग नेहमीवर येतो, औषधाची मात्रा मात्र विडीच्या दिवसांतलीच राहते, आणि औषध रक्तात साचू लागते. मळमळ, धडधड, हात कापणे, कधी झटके. बदल चांगल्या हेतूने केला तरी तो डॉक्टरांना कळवावा लागतो, तो यासाठी.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप गावोगाव ऐकू येतो. आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खात होते आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिले. अशी माणसे असतात, हे मान्य. पण त्या आजोबांना रोजच्या गोळ्या नव्हत्या. तीस वर्षांपूर्वी मुखेडसारख्या तालुक्यात रक्तदाब आणि मधुमेह बहुधा झटका आल्यावरच कळायचे. आज तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आणि एकदा निदान झाले की गोळी जन्मभराची असते. तंबाखू आणि रोजचे औषध एकाच शरीरात वीस-तीस वर्षे एकत्र नांदण्याचा प्रसंग या पिढीवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला आहे. आजोबांचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नखभर चुना तो किती, त्यातला निम्मा तर थुंकीतून जातो, आणि पुरावे म्हणावेत तर येमेन, तैवान, इंग्लंडमधले मोजके रुग्ण. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. थुंकणाऱ्याच्या पोटात चुना कमी जातो आणि एखाद्या विड्याने कोणाचे औषध निकामी होत नाही, हे खरे. दिवसातून एकदा जेवणानंतर पान खाणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण गिळून खाल्ले जाणारे पान, दिवसाला दहा-पंधरा वेळा तोंडात जाणारी सुपारी आणि गोळीनंतर लगेच भरलेला बार यांना तो युक्तिवाद लागू होत नाही. आणि निकोटिन थुंकले तरी तोंडाच्या पडद्यातून आधीच रक्तात गेलेले असते. पुरावा थोडा असण्याचे कारणही समजून घ्यायला हवे. नवे औषध बाजारात आणताना कंपनीला दुसऱ्या औषधांशी त्याचे काय होते ते तपासून दाखवावे लागते. सुपारीसाठी किंवा चुन्यासाठी तसे कोणी करत नाही. तिथे नोंदी फक्त चिकित्सक डॉक्टरांच्या नजरेतून जमतात. आणि अशा नोंदींसाठी मोठे शहरच लागते असे नाही. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव 2005 साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये मांडला. तालुक्याच्या गावी रुग्ण नीट टिपून ठेवले तर देशाला उपयोगी पडणारे ज्ञान तयार होते, याचा दाखला मुखेडनेच दिलेला आहे. तंबाखू-सुपारी आणि औषधे यांच्याबद्दल अशा नोंदी करायला मराठवाड्याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

तिसरा आक्षेप आरोग्याच्या क्षेत्रातल्या माणसांचा असतो. तंबाखू वाईटच आहे, ती सोडा म्हणून सांगावे. गोळी आणि बार यांच्यात अंतर ठेवा असे सांगणे म्हणजे तंबाखूला परवानगी देणे. या भूमिकेमागची कळकळ मला पटते, तिचा निष्कर्ष पटत नाही. तंबाखू सोडणे हेच अंतिम उद्दिष्ट आहे यात शंका नाही. पण व्यसन सुटायला महिने लागतात, अनेकदा ते सुटून परत लागते, आणि तोवर औषधे चालूच असतात. त्या मधल्या काळात रुग्णाला अंधारात ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही. शिवाय नुसता उपदेश केला की रुग्ण लपवायला शिकतो. ओरडा बसेल म्हणून दारातच चूळ भरून आत येतो आणि ‘काही व्यसन?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो. बाया तर मिश्रीला व्यसनात धरतच नाहीत. बंदीने या लपवण्यात भर घातली आहे. गुटख्यावर बंदी हवीच. पण बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकत घेऊन एकत्र करण्याची पळवाट निघाली, आणि चोरून येणाऱ्या मालात नेमके काय आहे हे खाणाऱ्यालाही माहीत नसते. जे माहीत नाही आणि जे सांगायची भीती आहे, ते डॉक्टरांपर्यंत पोचणार कसे? सोडण्याचा सल्ला ऐकला जातो तो विश्वास असल्यावर, आणि तो विश्वास न रागावता विचारलेल्या नेमक्या प्रश्नांतून तयार होतो. ‘तुमची गोळी लागू पडत नाही कारण ती आणि हे एकमेकांविरुद्ध ओढत आहेत,’ हे वाक्य कर्करोगाच्या दूरच्या भीतीपेक्षा कितीतरी लवकर मनात उतरते, कारण त्याचा परिणाम पुढच्याच तपासणीत दिसू शकतो.

उपाय खर्चिक नाहीत. तिशीनंतरच्या तपासणीसाठी आशाताई जो अर्ज घरोघरी भरून घेतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहेच. तो अर्जातच अडकून राहतो, त्याचे उत्तर चिठ्ठीवर आले पाहिजे. डॉक्टरांनी आणि औषध दुकानदारांनी चार गोष्टी विचाराव्यात. तोंडात काय धरता, दिवसातून किती वेळा, थुंकता की गिळता, आणि गोळीच्या किती आधी-नंतर. मिश्री, सुपारी, पान, मावा यांची नावे घेऊन विचारावे, कारण नाव घेतल्याशिवाय ती आठवत नाहीत. रुग्णाने आणि घरच्यांनी पाळायच्या गोष्टीही थोड्या आहेत. गोळी पाण्याबरोबर घ्यावी. तंबाखू-चुना, पान, सुपारी यांच्यापासून ती शक्य तितकी लांब ठेवावी. थायरॉइड, लोह आणि वर सांगितलेली प्रतिजैविके यांच्याबाबत तर काही तासांचे अंतर कटाक्षाने पाळावे. रक्तदाब मोजायला जाताना बार भरू नये, भरला असेल तर तसे सांगावे. दमा, मानसिक आजार, हृदयविकार किंवा वॉरफरिनची औषधे चालू असतील तर सुपारी-तंबाखूचे प्रमाण डॉक्टरांना न लपवता सांगावे. आणि अंतर जमत नाही म्हणून गोळी बंद करणे, हा मार्ग कोणीही घेऊ नये. दोन्हींपैकी एक सोडायचेच असेल तर ती गोळी नाही.

तंबाखू सोडताना डॉक्टरांना आधी सांगणे तितकेच गरजेचे आहे. निकोटिन थांबल्यावर इन्सुलिनची आणि रक्तदाबाच्या गोळीची गरज कमी होऊ शकते, वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत साखर, रक्तदाब आणि रक्ताचा पातळपणा जास्त वेळा तपासावा लागतो. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. सरकार गोळ्या फुकट देते, आशाताई त्या दारापर्यंत पोचवतात, रुग्ण वेळेवर घेतो, आणि तरीही गुण येत नसेल, तर त्याचे उत्तर महागड्या तपासण्यांत शोधण्याआधी खिशातल्या पुडीत शोधावे. मुखेडच्या प्रत्येक चिठ्ठीवर औषधांच्या खाली ‘तंबाखू, चुना, सुपारी, मिश्री: किती, केव्हा’ अशी एक ओळ छापून घेणे आजही शक्य आहे. त्या ओळीपुढे खरे उत्तर लिहिले गेले, तर वरच्या तीन-चार गोळ्यांना आपले काम करण्याची पुरी संधी मिळेल.